पुल्के नासलं कशानं

मेक्सिको शहर
४ मार्च १९३२

प्रिय तोमासाताई,

हे पत्र हाती पडेल तेव्हा देवाच्या कृपेनं तू धडधाकट असशील आणि नेहमीसारखी कुणावर तरी ओरडत असशील, अशी आशा करतो. इथे सगळं मजेत. मला बढती मिळाली. बिअरच्या कारखान्यात, प्रचारखात्यात, आता माझं स्वतःचं टेबल आहे आणि तेही खिडकीजवळ. आमचे साहेब, हेर क्लुगे, मला हल्ली नुसतं 'ओल्वेरा' म्हणत नाहीत, 'सेन्योर ओल्वेरा' म्हणतात. जर्मन माणूस आहे. उगाच कुणाला सेन्योर म्हणणाऱ्यातला नव्हे.

सोबत रेल्वेनं बिअरची एक पेटी पाठवतोय. बाटल्या दोरीला बांधून विहिरीत सोड, गार झाल्या की पी. ताई, पुढचा जमाना ह्याचा आहे. बाटलीबंद, स्वच्छ, आरपार दिसणारी. आपल्या पुल्केतून काय दिसतं? पांढरं, बुळबुळीत, बोट घातलं तर तार सुटते. साहेबांना मी एकदा हौसेनं पाजलं, तर त्यांनी रुमालात थुंकून विचारलं, हे आजाऱ्याला पाजतात की आजाऱ्यातून काढतात? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसूही आलं, खोटं कशाला बोलू.

आता कामाचं. कारखान्याला बिअरसाठी आपानच्या पठारावर जव पिकवून हवा आहे. बियाणं ते देणार, पीक ते उचलणार. आपण फक्त पुल्केच्या रसासाठी बाबांनी लावलेली घायपात उपटून रान मोकळं करायचं. अगं, एक रोप लावायचं, दहा-बारा वर्षं त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, मग कुठे ते रस देणार, आणि रस दिला की मरणार! ह्याला शेती म्हणायची की नवस? मळा दोघांच्या नावावर आहे, म्हणून तुझी सही लागेल. कागद तयार झाले की पाठवतो. तू नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. पण विचार कर.

तुझा भाऊ,
लिब्रादो

*

ला एस्कोंदिदा मळा, आपान
१३ मार्च १९३२

लिब्रादो,

पेटी पोचली. बाटल्या विहिरीत सोडल्या, गार केल्या, सगळं तू सांगितलंस तसं केलं. आपल्या तिनाकालात पुल्के आंबवणारा मुकादम चेंचो, त्यानं एक घोट घेतला, बाटलीकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "डोन्या तोमासा, ह्या बिचारीला झालंय काय?" मला कडू कारल्यासारखी लागली. उरलेली डुकरिणीला ओतली. ती आवडीनं प्यायली, पण तिचं काय घेऊन बसलास, तुझी जुनी टोपीसुद्धा तिनंच खाल्ली होती.

आणि मला 'स्वच्छ'चं कौतुक सांगू नको. हे रडगाणं तुझ्या साहेबाच्या आधीपासून चालू आहे. स्पेनवाले आले तेव्हा त्यांचे पाद्री म्हणाले, पुल्के म्हणजे सैतानाची लाळ. मग त्यांच्या राजाला कळलं, ह्याच्यावर कर बसवता येतो. झालं, सैतान गप्प! वेशीवर पिंपं अडवायला सरकारी माणूस बसला, आणि लाळेच्या पैशावर साहेबलोकांचे वाडे उठले. मग फ्रेंच आले. ते म्हणाले, पुल्के गावंढळ, वाइन प्या. आता तुझा जर्मन आलाय. येणाऱ्या प्रत्येकाला आपल्याच वाडग्यात घाण दिसते, आणि प्रत्येकाच्या खिशात दुसरी बाटली तयार असते. तू त्यांच्या खिडकीजवळ बसून नाकानं कांदे सोलतोस. सोल बाबा. मी सही करणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, नीट वाच. शहरातला आपला गिऱ्हाईक फिदेल, 'सासूचा विसावा' ह्या पुल्केच्या दुकानाचा मालक, त्यानं निम्मी पिंपं परत पाठवली. बाबांच्या वेळेपासून असं कधी झालं नाही. म्हणतो, लोक बोलतात की ओल्वेराच्या पुल्केत 'बाहुली' असते. बाहुली म्हणजे काय ते तुला सांगायला नको. फडक्यात शेणाची पुरचुंडी बांधायची आणि लवकर आंबावं म्हणून टाकीत सोडायची. लिहितानासुद्धा मला शिसारी येते. आणि कुणाचं, तर आपलं नाव घेऊन! माझा संशय पलीकडच्या मळेवाल्यावर आहे. त्याची नीरा पाणचट, आणि पोटात दुखतं आपल्या नावानं.

तू शहरात आहेस. फिदेलकडे जा, हे कुणी काढलं ते शोध, आणि त्याच्या कानाखाली माझ्या नावानं एक ठेवून दे. उशीर करू नको. बाबांच्या मोठ्या रांगा ह्याच वर्षी तयार झाल्या आहेत. चेंचोनं त्यांचे गाभे कापले. आता रोज सकाळ-संध्याकाळ नीरा येणार, कुणी घेवो न घेवो. पुल्के विकलं गेलं नाही तर ते आंबट होऊन मातीत जाईल, झाडंही मरतील, आणि मग मळा कशावर चालवायचा, ते मला माहीत नाही.

तोमासा

*

मेक्सिको शहर
२ एप्रिल १९३२

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, कामाची गर्दी होती. फिदेलकडे जाऊन आलो. तो काही नाव घेत नाही. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावायचा? आणि एवढा धूर आहे म्हणजे कुठेतरी विस्तव असणार, असंच लोक म्हणणार ना. तू मनाला लावून घेऊ नको.

एक विचारतो, रागावू नको. तू छातीठोकपणे म्हणतेस की आपल्याकडे असलं काही नसतं. तू तिनाकालात कधी गेली आहेस? बाबांनी तुला कधी उंबरठा ओलांडू दिला? मला चांगलं आठवतं, तू बाबांच्या जेवणाची टोपली घेऊन दारात उभी राहायचीस आणि आतून एक हात बाहेर यायचा. मी आतच असायचो, टाक्यांच्या मधे खेळत. बाई आत आली तर पुल्के नासतं, ही आपली रीत. मग जे तू जन्मात बघितलं नाहीस, त्याची शपथ कशी खातेस?

म्हणून म्हणतो, हा ताप डोक्यावर घेऊच नको. जव पेर. जवाला कुणी बाहुली लावत नाही.

कानाखाली द्यायचं काम सध्या राहू दे.

लिब्रादो

*

ला एस्कोंदिदा मळा
२१ एप्रिल १९३२

सेन्योर ओल्वेरा,

गेल्या आठवड्यात मी शहरात होते. तुझ्या घरी का आले नाही, ते पुढे वाचलंस की कळेल.

तुझ्या पत्रावर माझा विश्वास बसला नाही. फिदेल नाव घेत नाही? ज्याच्या तोंडाला दिवसभर कुलूप लागत नाही तो फिदेल? मी सरळ त्याच्या दुकानात गेले. बायकांसाठी बाजूची खिडकी असते तिथे उभी राहिले आणि त्याला बोलावलं. बिचारा वर बघेना. म्हणाला, "डोन्या, नाव मलाच विचारता? घरचंच आहे. आज शाळेच्या हॉलात त्यांचं भाषण आहे. जाऊन ऐका."

गेले. शेवटच्या बाकावर बसले. पांढरा पडदा, चित्रांचा दिवा, पडद्यावर वळवळणाऱ्या अळ्या, आणि अळ्यांच्या बाजूला तू. बूट एवढे चकाकत होते की आधी ते दिसले. तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "मी तिनाकालाचा मुलगा आहे. माझ्या बापानं, देव त्याला शांती देवो, स्वतःच्या हातानं शेणाची पुरचुंडी बांधून टाकीत सोडलेली मी ह्या डोळ्यांनी बघितली आहे." बायका "आई गं" म्हणाल्या. तू डोळ्यांना रुमाल लावलास. वा रे पोरा! ज्या पुल्केवर तुला शाळेत घातलं, शहरात पाठवलं, पायात पहिले बूट चढवले, त्याच्यातच तू शेण कालवलंस. आणि मी मूर्ख, पलीकडच्या मळेवाल्याला शिव्या देत बसले होते! त्याची माफी मागावी लागली असती, पण बरं झालं, तोंडावर काही बोलले नव्हते.

मग तू विचारलंस, "इथे कुणी आत जाऊन बघितलं आहे का? असेल तर उभं राहावं आणि मला खोटं ठरवावं."

मी उठले होते, लिब्रादो. शाल सावरली, तोंड उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं की कुणी विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंय का?" तर मला "नाही" म्हणावं लागेल. मी खाली बसले. शेजारची बाई म्हणाली, "पाय दुखतात का?" मी म्हटलं, "हो."

आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. तुझी नाही. माझी.

फिदेल म्हणतो, आत गेलेलं माणूस उभं करा, पण घरचं करा. नोकर काय, मालकिणीच्याच बाजूनं बोलणार. ओल्वेरांपैकी हवं. आता ओल्वेरा उरले किती? एक तू आणि एक मी. तरीही परत आल्यावर मी चेंचोला म्हटलं, तू तरी चल, शपथेवर सांग. तर तो म्हणाला, "शपथ घ्यायला गेलो म्हणजे संशय मान्य केला. आणि आतल्या गोष्टी बाईमाणसाशी काय बोलायच्या?" बाईमाणूस! ह्याच्या पोरांची बाळंतपणं मी केली, ह्याच्या बायकोला खांदा मी दिला, आणि मी बाईमाणूस!

तू मात्र मजेत राहा. खिडकीजवळ बस. वारा येत असेल.

तोमासा

*

मेक्सिको शहर
३० एप्रिल १९३२

ताई,

तू शहरात येऊन घरी आली नाहीस, ह्याचं वाईट वाटलं. बाकी जे तू ऐकलंस ते माझं काम आहे. प्रचारखात्यात सगळे असंच बोलतात. एकाची आई, एकाचा काका, सगळ्यांच्या घरात काही ना काही घडलेलं असतं. लोकांना घरचं सांगितल्याशिवाय पटत नाही. बाबा वारले. त्यांना आता काय फरक पडतो? जिवंत माणसांनी पोट भरायचं की नाही?

हो, फिदेलकडे गेलो नव्हतो. ते खोटं होतं. झालं समाधान?

पण तू कसला एवढा तोरा मिरवतेस? मी लोकांना खोटं सांगतो, मान्य. तू तर स्वतःलाच सांगत आलीस. बाई आत गेली की पुल्के नासतं, हे कोण मानतं? मी? क्लुगेसाहेब? ते तर हे ऐकून खुर्चीतून पडायचे राहिले. तू मानतेस. तुझ्या मळ्यात, तुझ्या खोलीच्या दारात, तुझाच नोकर तुला भिकारणीसारखी उभी करतो आणि तू त्याला रीत म्हणतेस. मग बाहेरच्यांनी आपल्याला अडाणी म्हटलं तर नाक कशाला मुरडायचं?

सहीचा कागद सोबत जोडला आहे. १९ मेला त्याच हॉलात माझं पुन्हा भाषण आहे. यायचं असेल तर पुढे बस. मागे नीट ऐकू येत नाही.

लिब्रादो

*

ला एस्कोंदिदा मळा
१२ मे १९३२

लिब्रादो,

तुझा कागद चुलीत घातला. पटकन पेटला. कारखान्याचा कागद चांगला असतो.

पण तुझं बोलणं मला झोंबलं. दोन दिवस तुला शिव्या घातल्या, भांडी आपटली, आणि तिसऱ्या दिवशी मनात आलं, मेला बोलतोय ते खरंच आहे. नालायकाच्या तोंडून आलं म्हणून खरं काही खोटं होत नाही.

सकाळी कामाच्या ऐन गर्दीत तिनाकालाच्या दारात गेले. आत पुरुष देवाचं स्तवन गात होते. चेंचो पुढे आला, दोन्ही हात पसरून दार अडवलं.

"काय हवं ते सांगा डोन्या, बाहेर आणून देतो."

"मला आत यायचंय."

"नासेल."

"नासू दे."

"तुमचे वडील असते तर..."

"असते तर त्यांना विचारलं असतं. नाहीत. बाजूला हो."

तो हलला नाही. मी त्याच्या हाताखालून वाकून गेले. ह्या वयात! गुडघा अजून ठणकतोय.

आणि आत काय होतं, माहीत आहे? काही नाही! एक लांबोडकी गार खोली. लाकडी चौकटींवर ताणलेली गायीची कातडी, ह्याच त्या टाक्या, आणि त्यांत पांढरंशुभ्र पुल्के. भिंतीवर मारियामातेची तसबीर, पुढे ताजी फुलं. संपलं. एवढ्यासाठी मला जन्मभर दारात ताटकळत ठेवली? मला वाटायचं, एवढं लपवतात म्हणजे आत निदान एखादा देवदूत तरी बसला असेल. पुरुष टोप्या हातात घेऊन भिंतीला चिकटून उभे होते, कुणाच्या मयताला आल्यासारखे. आत डोकं उघडं ठेवायची रीत आहे, म्हणून मीही शाल डोक्यावरून खाली घेतली. तेवढी रीत मला मान्य आहे.

मग बाह्या वर केल्या आणि एकेका टाकीत खांद्यापर्यंत हात घातला. तळ चाचपला, शिवणी चाचपल्या, कोपरे चाचपले. बाहुली नाही, पुरचुंडी नाही, गवताची काडी नाही. मला रडू आलं, लिब्रादो. बाबांवर माझा विश्वास होताच. पण तुझ्या त्या हॉलात बसल्यापासून मनात कुठेतरी किडा वळवळत होता. तो तू घातला होतास. त्याबद्दल मी तुला कधी माफ करणार नाही.

चेंचोही रडत होता. तो मी हात घातला म्हणून.

माणसं म्हणाली, आता हे सगळं ओतून द्यायला हवं. मी म्हटलं, जो ओतेल त्याला मी ओतीन. किल्ली काढून घेतली. तेव्हापासून रोज मी स्वतः आत जाते आणि रोज चव घेते. कालच्या नीरेचं पुल्के झालं, परवाच्या नीरेचं झालं, विरजणही टवटवीत आहे. कशालाही काही झालेलं नाही. काल चेंचोच्या हातात मुद्दाम वाडगं दिलं. त्यानं डोळे मिटून एक घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. विचारलं, "कसंय?" म्हणाला, "अजून नासेल." आणि वाडगं रिकामं केलं!

फिदेलला कळवलं आहे की घरचं माणूस सापडलं. तो म्हणाला, तुम्ही हॉलात सगळ्यांसमोर उभ्या राहा, मी तिथल्या तिथे सगळी पिंपं घेतो. म्हणजे एकोणीस तारखेला मळ्याचा निकाल आहे. मी येतेय. एक पिंपही घेऊन येतेय. पुढच्या बाकावर बसेन. तुझे बूट चांगले दिसतील.

तोमासा

*

मेक्सिको शहर
२० मे १९३२

ताई,

रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय. हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

तू उभी राहिलीस तेव्हा मी पडद्यावरच्या अळीवर छडी टेकवून उभा होतो. "मी तोमासा ओल्वेरा, ह्याची थोरली बहीण," म्हणालीस आणि सगळा हॉल वळला. "मी आत गेले आहे. प्रत्येक टाकीत हात घातला आहे, ह्या हातानं. शेण नाही. माझा बाप चांगला माणूस होता. माझा भाऊ खोटारडा आहे." काय बोललीस, ताई! दिवा दाखवणाऱ्या माणसानंसुद्धा आ वासला. मला वाटलं, संपलो. टेबल गेलं, खिडकी गेली. फिदेल तर टाळ्या वाजवायला हात वर करून बसला होता.

आणि मागून एक मिशीवाला म्हणाला, "थांबा. बाई तिनाकालात गेली होती?"

दुसरा म्हणाला, "टाकीत हात घातला म्हणतेय!"

तिसरा फिदेलवर ओरडला, "आणि ते आम्हाला पाजलंस?" एक म्हातारा तर तिथेच खिडकीतून बाहेर थुंकायला लागला. तू सांगत होतीस, नासलं नाही, मी रोज चव घेतेय, पिंप बाहेर उभं आहे, येऊन प्या. कोण ऐकतंय! फिदेलनं हात खाली घेतले आणि खाली बसला.

तुला एक सांगतो, साहेबांना कधी सांगितलं नाही. ही माणसं महिनोन् महिने माझी भाषणं ऐकतात, अळ्या बघतात, शेणाचं ऐकून नाकाला रुमाल लावतात आणि बाहेर पडली की निम्मी सरळ फिदेलच्या दुकानात जातात. मी बघितलं आहे. काल एकही गेला नाही.

मी हसलो, ताई. सुटलो म्हणून हसलो. मग तू एकटी पायऱ्या उतरताना दिसलीस, आणि त्या पिंपाला गिऱ्हाईक नव्हतं. मी मागोमाग रस्त्यापर्यंत आलो होतो. हाक मारायला जमलं नाही.

साहेब खूश आहेत. पण मला आता त्या हॉलात उभं राहायचं जिवावर येतं. ते आपलेच लोक, आणि मी त्यांच्यावर हसतो, आणि क्लुगेसाहेब माझ्यावर हसतात, हे काल पहिल्यांदा दिसलं. तरी नोकरी सोडण्याची हिंमत माझ्यात नाही. ते तुला माहीतच आहे.

नवा कागद पाठवतो आहे. रागानं नाही, काळजीनं पाठवतोय. आता पुल्के कोण घेणार? सही कर, निदान तू तरी उपाशी राहू नको.

लिब्रादो

*

ला एस्कोंदिदा मळा
५ जून १९३२

लिब्रादो,

कागद मिळाला. तोही चुलीत गेला. आणखी पाठव, पावसाळ्यात सरपण ओलं असतं.

तू काळजी करतोस म्हणून इथली हकीकत कळवते. चेंचो गेला. टोपी घालून दारात आला, म्हणाला, "डोन्या, तुमच्या वडिलांच्या शब्दाखातर इतके दिवस राहिलो." पलीकडच्या मळेवाल्यानं त्याला ठेवून घेतलं. त्याच्या मागे आणखी काही जण गेले. ज्यांचे नवरे गेले त्यांतल्या दोघीजणी मागे राहिल्या. त्या आता लांब पोकळ भोपळ्यांनी झाडांच्या गाभ्यातून नीरा ओढतात आणि मी तिनाकाल सांभाळते. पहिल्या दिवशी त्यांना आत ये म्हटलं तर दोघी उंबरठ्यावर अडल्या. "आपल्यानं नासेल हो बाई." मी म्हटलं, "माझ्यानं नासायचं ते नासून झालंय, तुम्ही या."

दुकानात पुरुष आपलं पुल्के मागत नाहीत. फिदेल दोनदा आला, टोपी फिरवत उभा राहिला, मग म्हणाला, बायकांच्या खिडकीवर तेवढं विकून बघतो. तिथे विकलं जातं. बायका कळशा आणतात. एकीनं त्याला विचारलं म्हणे, "हे बाईच्या हातचं ना? मग पूर्ण भर." पण एका खिडकीनं मळा भरून निघत नाही. बाबांच्या मोठ्या रांगांपैकी निम्म्या रांगांची नीरा मी जमिनीत ओतते. माझ्या हातानं ओतते. ओतताना जिवाचं पाणी होतं, ते तुला कळावं म्हणून लिहितेय, दया यावी म्हणून नाही. मोकळ्या झालेल्या जागी नवी रोपं लावली. ती तयार होतील तेव्हा मी म्हातारी झालेली असेन. तरी सही नाही.

आता तुझ्या झोपेचं. तुला झोप येत नाही, कारण तुला वाटतं तू मला बुडवलंस. तेवढी तुझी लायकी नाही, शांत झोप. एवढा शिकलास, जर्मनाकडे गेलास, दिवा आणलास, अळ्या आणल्यास, डोळ्यांना रुमाल लावलास, आणि महिनोन् महिने घसा फोडून सांगितलंस की ओल्वेराच्या पुल्केत शेण आहे. लोकांनी ऐकलं आणि जाऊन प्यायले. त्यांना शेण चाललं, लिब्रादो. बाई चालली नाही.

एवढा खटाटोप कशाला केलास रे? पहिल्याच दिवशी उभा राहून "तिथे माझी बहीण आत जाते" एवढं एक वाक्य बोलला असतास, तरी मी तिथेच संपले असते. तेव्हा तेही खोटंच होतं म्हणा. पण बापाच्या तोंडात शेण घालायची गरज नव्हती.

तोमासा